फणेरपेटीचा हेवा

मित्रांनो, फणेरपेटी म्हणजे काय हे आधी सांगायला हवे, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात आता ती नसेल. लाकडाची चौकोनी पेटी, दहा इंच लांब, सात इंच रुंद. झाकण उचलले की आतल्या बाजूला आरसा. आरशाखाली चार खण: कुंकवाचा, मेणाचा, काजळाच्या डबीचा आणि विभूतीचा. त्याखाली फणीसाठी लांबट कप्पा. ती मी. वयाने चौतीस वर्षांची, सागवानी आणि स्वभावाने हेवेखोर. हा शेवटचा गुण मी लपवणार नाही. माझी सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

माझा जन्म सरहद्दीपलीकडे, कर्नाटकातल्या आळंदला झाला. तिथल्या एका म्हाताऱ्या सुताराने मला सहा दिवसांत घडवले. कोपऱ्यांना त्याने एकही खिळा मारला नाही. लाकडाचे दात एकमेकांत बसवून सांधे जोडले. मग दोन दिवस ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवले, लाकूड फुगते का ते पाहायला. मी फुगले नाही. तेव्हा तो कन्नडमध्ये म्हणाला, "छलो आतु." म्हणजे छान झाली. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

लग्न ठरलेल्या शांतम्मासाठी तिच्या वडिलांनी मला करवून घेतले होते. तिच्याबरोबर मी लोहाऱ्याला आले. शांतम्माचे यजमान शिवलिंगप्पा यांचे तिथे भुसार मालाचे दुकान होते, अजून आहे. शांतम्माच्या हाताला नवरी सजवण्याची कला होती. आसपासच्या गावांतून बोलावणे यायचे आणि ती मला मांडीवर घेऊन जीपमध्ये बसायची. तिची रीत ठरलेली असे. आधी करंगळीने कपाळावर मेणाचा गोल. मग त्यावर कुंकू. मग फुंकर. मेणाशिवाय लावलेले कुंकू तासाभरात घामाने ओघळते, मेणावरचे संध्याकाळपर्यंत जागचे हलत नाही. हे मी शेकडो कपाळांवर पाहिले आहे, म्हणून खात्रीने सांगते.

"शांताक्का, तुमची पेटी दारात आली म्हंजे लगीन लागलंच म्हणायचं," बायका म्हणायच्या. मी झाकण मिटून ऐकत राहायचे.

मग लोहाऱ्यात पहिले ब्यूटी पार्लर निघाले. मग दुसरे. त्या वर्षी आम्हाला तीन लग्नांची बोलावणी आली, पुढच्या वर्षी एक, त्यानंतर एकही नाही. मी कपाटावर गेले. माझ्या काजळाच्या डबीशेजारी सेफ्टी पिना आल्या, विभूतीच्या खणात ताप बघायची नळी, फणीच्या कप्प्यात एसटीची जुनी तिकिटे. शांतम्मा वर्षातून एकदा मला खाली घ्यायची, मेण आणि कुंकू बदलायची, पिना परत भरायची आणि वर ठेवून द्यायची. असे अकरा वर्षे चालले. एवढ्या काळात मी कुणाचाही हेवा केला नाही, कारण कपाटावर हेवा करण्यासारखे कुणी नव्हते. शेजारी फक्त गव्हाच्या चाळण्या होत्या.

एके दिवशी शिवरंजनीने मला खाली उतरवले. शिवरंजनी ही शांतम्माची धाकटी मुलगी. उमरग्याला रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाली होती आणि आता घरीच आठवी ते दहावीच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घेत होती. तिने मला कोरड्या फडक्याने पुसले, पिना काढल्या, नळी काढली, तिकिटे काढली. झाकण उघडून काडीच्या आधाराने उभे केले. मला वाटले, फिरले माझे दिवस!

तिने माझ्या आरशाला टेकवून फोन उभा केला.

मित्रांनो, पुढचे आठ महिने मी त्या फोनची पाठ पाहिली. निळे कव्हर, उजव्या कोपऱ्यात उडालेला टवका. चेहरा दाखवण्यासाठी जन्मलेल्या आरशासमोर फोनची पाठ! डावीकडे दोन बोटांची फट तेवढी उघडी राहायची. जे काही मी पुढे पाहिले ते त्या फटीतून.

फटीतून मला बाटल्या दिसल्या. त्या कुठल्या मोठ्या कारखान्याच्या नव्हत्या. कोल्हापूरकडे कुणी एक बाई स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत ओठांची लाली बनवायची, तिची डबी. दक्षिणेकडे दोघी बहिणी चेहऱ्याचे तेल काढायच्या, त्यांची तपकिरी बाटली. काचेच्या नळीने थेंब थेंब घेऊन चेहऱ्यावर कातडीच्या रंगाचा थर द्यायचे बेस, चिमटीएवढ्या डब्यांतले सुटे रंग, कागदात गुंडाळलेले साबण. लेबलवरची तारीख पेनाने लिहिलेली असायची. पार्सल बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात उतरायचे आणि शिवरंजनी शिकवणी संपल्या संपल्या चप्पल अडकवून पळायची.

आल्यावर ती ब्लेडने चिकटपट्टी कापायची. बाटली उजेडाकडे धरायची. मागची यादी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचायची. आम्लता मोजायची रंगीत पट्टी बुडवून आकडा वहीत लिहायची. आणि म्हणायची, "बघू या पोरींनो, काय करता ते."

पोरींनो! मला तिने कधी एका शब्दाने हाक मारली नव्हती. माझ्यातल्या काजळात काय काय आहे हे तिने कधी वाचले नव्हते, विचारले नव्हते. त्या कालच्या आलेल्या बाटल्यांना मात्र नावे, तारखा, वहीत एकेक पान.

प्रत्येक नवी वस्तू आधी डाव्या कानामागे थेंबभर लावून ती पूर्ण एक दिवस थांबायची. एकदा शिवलिंगप्पांनी ते पाहिले.

"शिवे, कानामागं काय लावायलीस? दिष्ट लागू नये म्हणून व्हय?"

"अप्पा, ही पॅच टेस्ट हाय. अंगावर काही उठतंय का बघायचं."

"आमी त्याला तीट म्हणतो," अप्पा म्हणाले आणि हसत दुकानात गेले.

मग ती रंग चढवायची. एकदा तिने पापण्यांवर करडईचे फूल उतरवले, आत पिवळे, कडेला शेंदरी. एकदा कोवळ्या हुरड्याचा हिरवा. एकदा गोठ्याच्या भिंतीवरच्या गेरूचा. त्याचा रंगही लोखंडाच्याच गंजाचा असतो आणि बाटलीतल्या तपकिरी बेसचाही, असे तिने व्हिडिओ काढताना फोनला सांगितले. शांतम्मा दारात लसूण सोलत बसलेली असायची. करडईच्या दिवशी तिचे हात थांबले.

"दिवस मावळताना रानात असंच दिसतंय गं," ती म्हणाली.

"कशाचं हाय, बघ अव्वा." शिवरंजनीने डबी पुढे केली. शांतम्माने डबी हातात घेतली, नखाने रंग खरवडला, बोटावर चोळून पाहिला. माझी शांतम्मा! माझ्या मेणात बुडालेले तेच बोट. त्या दिवशी मी इतकी जळले की माझ्या सांध्यांना भेग कशी पडली नाही याचे आश्चर्य वाटते. त्या बाटल्या सुकून जाव्यात, आंबून जाव्यात, पडून फुटाव्यात, असे मी मनात म्हणत राहिले. वस्तूंना हात नसतात हे बरेच आहे.

कार्तिक संपता संपता महेश्वरी आली. ती शिवरंजनीची कॉलेजातली मैत्रीण, अणदूरची. तिचे लग्न सोलापूरच्या गौरीशंकरशी ठरले होते. तिने पर्समधून साखरपुड्याचा फोटो काढला आणि टेबलावर टाकला.

"बघ."

मीही फटीतून पाहिला. महेश्वरीचा रंग नांगरलेल्या काळ्या रानासारखा, तजेलदार. फोटोतले हात तसेच होते. पण चेहरा खडूच्या भुकटीसारखा पांढरा.

"नणंदबाईंनी सोलापूरची पार्लरवाली आणली होती," महेश्वरी म्हणाली. "माझ्या सख्ख्या मामानं फोटू बघून इचारलं, ही कुणाची पोरगी? शिवा, लग्नाच्या फोटूत मला मी दिसायला पायजे. तूच करायचं माझं."

"आन गौरीशंकर काय म्हणायलेत?"

"ते म्हणायलेत, मला चालतंय, पण ताईला तूच सांग."

दोघी हसल्या, पण महेश्वरीचे हसू लवकर संपले. ताई म्हणजे तिची नणंद अर्पिता. तिच्याशी ठरले होते ते असे. अक्षता साडेबाराला. अकरा वाजेपर्यंत शिवरंजनीने सजवायचे. अकराला अर्पिता बघणार. तिला पटले नाही तर सोलापूरची बाई खुर्ची ताब्यात घेणार. ती बाई तयारीने बाहेर बसलेली असणारच होती.

"एकदा तिनं हात लावला की संपलं," महेश्वरी म्हणाली. "मग जल्मभर भिंतीवर तोच पांढरा फोटू."

शिवरंजनीने तयारीत कसर ठेवली नाही. महेश्वरी चार वेळा लोहाऱ्याला आली. कानामागे चाचणी झाली. दाराच्या उजेडात जबड्याच्या कडेला रंगाचे सहा पट्टे ओढून पाहिले. गडद बेसचे तीन थेंब, विटकरीचा एक, असे प्रमाण ठरले. ते चेहऱ्यावर चढवल्यावर कुठे सुरू झाले आणि कुठे संपले ते मलाही सांगता येईना, आणि मी दोष शोधायलाच बसले होते.

लग्नाच्या सकाळी शिवरंजनीने बाटल्या एका नव्या काळ्या पेटीत भरल्या. तिला चकचकीत कड्या, आत मऊ अस्तर. मी टेबलावर उघडी तशीच राहिले. तेवढ्यात शांतम्मा आली, माझ्यातले कापसाचे बोळे काढले, मेण आणि कुंकू नीट केले, विभूती भरली आणि झाकण लावले.

"अव्वा, पेटी कशाला? जीपमधी जागा न्हाय."

"मांडीवर घीन मी. कुंकू आन विभूती काय तुझ्या बाटल्यांत हाय व्हय?"

अशी मी निघाले. काळ्या पेटीला जीपमध्ये खिडकीजवळची सीट मिळाली. हेही मी लक्षात ठेवले.

अणदूरच्या मंगल कार्यालयात नवरीची खोली मागच्या बाजूला होती. शांतम्माने मला खिडकीत उघडून ठेवले आणि ती बायकांना भेटायला गेली. महेश्वरी आत आली. आदल्या दिवशी हळद लागलेली. वहिन्या, काकू, मावश्या सगळ्यांनी हौसेने माखली होती. कपाळाच्या केसांशी, कानांच्या पाळ्यांवर, गळ्याच्या वळीत पिवळा रंग मुरला होता.

"आधी हे धुऊन काढू," शिवरंजनी म्हणाली आणि तिने काळ्या पेटीतून पार्सलने आलेला, हाताने बनवलेला करंजाच्या तेलाचा साबण काढला.

मला ठाऊक होते, मित्रांनो. कुंकू तरी दुसरे काय असते? शांतम्मा दरवर्षी हळदीत चुन्याची निवळी घालून कुंकू करायची. पिवळीधमक हळद माझ्या देखत लाल व्हायची. चुना ज्या बाजूचा, साबणही त्याच बाजूचा. दोघेही आम्लाच्या उलटे. शिवरंजनीच्या चार चाचण्या झाल्या तेव्हा महेश्वरीच्या चेहऱ्यावर हळद नव्हती. आज होती. एवढाच फरक होता आणि तोच तिच्या ध्यानातून निसटला होता.

मला तोंड नाही, मी ओरडू शकत नव्हते. पण खरे सांगते, तोंड असते तरी त्या क्षणी मी ओरडले नसते.

शिवरंजनीने फेस केला आणि चोळला. हळद लाल झाली. सगळीकडे सारखी नव्हे. केसांशी एक पट्टा, दोन्ही गालांवर धब्बे, गळ्यावर गोठलेल्या रक्तासारखी वळी. ती घाबरली. तिने पुन्हा साबण लावला, आणखी जोरात चोळले, बोअरच्या मचूळ पाण्याने धुतले. धब्बे आणखी गडद झाले.

"शिवा, काय झालं गं?"

"काही न्हाय. थांब जरा."

"आग होत न्हाय. पण तुझं तोंड बघून मला भ्या वाटायलंय."

दार ढकलून अर्पिता आत आली, मागून सोलापूरची बाई. दहा वाजून दहा मिनिटे झाली होती.

"अगं बाई! हे काय करून ठेवलं?"

"अ‍ॅलर्जी हाय ही," पार्लरवाली म्हणाली. तिचा आवाज वाईट नव्हता, कामाचा होता. "घरगुती सामानाचं असंच असतंय. आता हे दडवायचं म्हंजे जाड बेस बसवायला लागंल. दोन थर."

"बसवा की," अर्पिता म्हणाली. "आता काय इलाज हाय?"

शिवरंजनीच्या हातात साबण तसाच होता.

मला आनंद झाला. हो, झाला. आठ महिन्यांची फोनची पाठ, पोरींनो ही हाक, खिडकीजवळची सीट, सगळ्याचा हिशेब फिटल्यासारखे वाटले. आणि तेवढ्यात महेश्वरीने मान वर केली. खिडकीत मीच उघडी होते, म्हणून तिने माझ्या आरशात पाहिले. फार वेळ पाहिले. मग म्हणाली, "जाऊ दे शिवा. करू दे त्यांना पांढरं."

माझ्या आरशात आजवर रडणाऱ्या नवऱ्या पुष्कळ आल्या. माहेर सुटते म्हणून सगळ्याच रडतात. पण स्वतःचा चेहरा असा सोडून देणारी पहिलीच. माझा आनंद तिथल्या तिथे विरला आणि त्या जागी जे आले त्याला मी लाज म्हणते.

शांतम्मा दारात उभी होती. तिने महेश्वरीकडे पाहिले, मग मुलीच्या हाताकडे.

"हळदीवर साबण लावलास व्हय गं?"

"व्हय."

"म्हंजे पोरीच्या तोंडाचं कुंकूच केलंस की!"

शिवरंजनीने साबण खाली ठेवला. पाहता पाहता तिच्या चेहऱ्यावर सगळे उमटले. "अल्कली," ती पुटपुटली. "ह्या साबणापुढं वहीत मीच नऊ आकडा लिवलाय. अव्वा, गेल्या महिन्यात शिकवणीच्या पोरांना कागदावर हळद लावून हेच दाखवलं गं मी! कागदावर कळतंय, तोंडावर कळंना!"

"हळदीच्या अंगाला साबण लावायचा नसतोय. एका शब्दानं इचारलं असतंस तर सांगितलं असतं." शांतम्मा म्हणाली. "आठ म्हैने दारात लसूण सोलत बसलेय मी."

शिवरंजनी आईजवळ गेली. "आता इचारते. काय करायचं?"

"ताक. आंबट."

"आम्ल! व्हय! ताक आणा कुणीतरी!"

महेश्वरीची आई स्वयंपाकाच्या मांडवाकडे धावली आणि तांब्या भरून आली. शांतम्माने बोट बुडवून चाखले आणि कपाळाला हात लावला.

"अवो, हा मठ्ठा हाय! ह्यात मिरची हाय, कोथमीर हाय. पोरीला जेवाय वाढायचंय व्हय? साधं आणा, बिनमिठाचं!"

त्या ताणातही महेश्वरी खुदकन हसली. अर्पिताच्या ओठांची कडही हलली. दुसऱ्या खेपेला साधे ताक आले. शांतम्माने धोतराचा मऊ तुकडा त्यात भिजवला आणि महेश्वरीच्या गालावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. उचलला तेव्हा धब्ब्याचा लाल रंग उतरून खालून पुन्हा हळद वर आली होती.

"बघा," शिवरंजनी पार्लरवालीला म्हणाली. "अ‍ॅलर्जी असती तर ताकानं गेली नसती."

पार्लरवाली जवळ येऊन वाकून पाहू लागली. "हे मला म्हाईत नव्हतं," ती म्हणाली, आणि मला तिच्याविषयी उगाच बरे वाटले.

मग ताकात कालवलेले डाळीचे पीठ आणि वर चार थेंब खोबरेल, हलक्या हाताने, तीनदा. पिवळेपणा बराच निघाला. आणि मित्रांनो, माझा स्वभाव कसा आहे बघा. मी त्या ताकाच्या वाटीवरही जळले. कार्यालयाची स्टीलची वाटी, तळाला चेपलेली, कुणाच्या नावाची नाही. पण शांतम्माचा हात तिच्यात होता आणि माझे खण कोरडे होते.

पावणेअकरा झाले. आता शिवरंजनीची पाळी होती आणि इथे मला तिचे खरे कौतुक सांगायला हवे, कितीही जड गेले तरी. थोडी हळद कातडीत मुरलेली होतीच. लोहाऱ्यात ठरवलेले प्रमाण आता जुळणार नव्हते. ते तिने सरळ बाजूला ठेवले. महेश्वरीला खिडकीच्या उजेडात बसवले आणि जबड्याच्या कडेला नवा पट्टा ओढला. पिवळट. जांभळ्या रंगाचा सुईच्या टोकाएवढा कण मिसळला. राखाडी झाला. विटकरीचा अर्धा थेंब. अजून जरा. पुसून पुन्हा.

"अकरा वाजले," अर्पिता म्हणाली.

शिवरंजनीचा हात थबकला. महेश्वरीने डोळे उघडले नाहीत. मान न हलवता ती म्हणाली, "ताई, अजून धा मिन्टं. लगीन माझं हाय न्हवं?"

अर्पिताने पार्लरवालीकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि स्टूल ओढून बसली. "बरं. करा."

पाचवा पट्टा लावला आणि दिसेनासा झाला. पुसला नव्हता. कातडीला मिळून गेला होता. मग शिवरंजनीचे हात भराभर चालू लागले. कोल्हापूरच्या बाईची लाली ओठांवर, पापण्यांवर करडईची अगदी पुसट छटा. मी प्रत्येक डबी ओळखत होते. एकेकीला मी शाप दिलेला होता.

कपाळ राहिले. शांतम्माने मला खिडकीतून उचलून मांडीवर घेतले.

"अव्वा, बेसवर मेण धरंल का?"

"न्हाय धरणार. तेवढी जागा कोरी कर."

शिवरंजनीने कापसाने नाण्याएवढा गोल पुसून काढला. आईच्या करंगळीने त्यात मेण बसवले, मेणावर कुंकू, मग फुंकर. त्या सबंध चेहऱ्यात माझी वाटणी तेवढ्या गोलाची. बाकी सगळे त्या बाटल्यांचे होते.

"बघ गं," शांतम्मा म्हणाली आणि मला महेश्वरीसमोर धरले.

आरशाने हेवा किती करावा याला मर्यादा नाही, पण समोर आहे त्यापेक्षा कमी दाखवणे त्याला जमत नाही. महेश्वरी सुंदर दिसत होती. काळ्या रानावर सकाळचे ऊन पडावे तशी. मी दाखवले. न दाखवता राहणार कशी?

"व्हय," महेश्वरी हळूच म्हणाली. "ही मीच हाय."

अर्पिता उठली. तिने फोटो काढला, मोठा करून पाहिला. मग महेश्वरीचा हात उचलून तिच्या गालाजवळ धरला.

"हाताला पण लावलंय का?"

"न्हाय," शिवरंजनी म्हणाली. "हात तसाच हाय."

"मग सारखं कसं दिसायलंय?"

"तेच तर करायचं होतं."

अर्पिताने तिचा हात खाली सोडला. "साखरपुड्याला आमचं चुकलंच म्हणायचं," ती म्हणाली आणि लगेच आवाज बदलून, "बेस कुठला हाय गं? नाव पाठव मला."

ऐकलेत? बेसचे नाव. ताकाचे नाही, शांतम्माचे नाही आणि माझे तर नाहीच. बाहेर वाजंत्री सुरू झाली, महेश्वरीला घेऊन सगळ्या गेल्या, आणि मी रिकाम्या खोलीत काळ्या पेटीच्या शेजारी राहिले. मी तिच्याशी बोलले नाही.

त्या गोष्टीला आता दीड महिना झाला. परवा परंड्याहून एका नवरीचे बोलावणे आले. शिवरंजनीने नवे पार्सल न उघडताच बाजूला सारले आणि दुपारी आईसमोर येऊन बसली.

"अव्वा, सगळं सांग. हळद लागल्यावर काय करायच्या तुमी? आदल्या दिवशी काय, त्या दिवशी काय, उन्हाळ्यात काय?"

शांतम्माने आधी टाळाटाळ केली. मग सुरू झाली ती थांबेना. कोणत्या नवरीच्या कपाळाला मेण चालत नाही, काजळ डोळ्यात पसरले तर काय करायचे, रडून सुजलेल्या पापण्यांवर कोणत्या पानाचा रस. शिवरंजनी मध्येच "का बरं असं?" म्हणून विचारायची. कधी दोघींना कारण सापडायचे, कधी नाही. मी दोघींच्या मध्ये मिटलेली होते. मला कुणी उघडले नाही. मला त्याचे वाईट वाटले नाही, असे म्हणणार होते, पण वाटले. थोडेसे वाटले. मात्र बोलताना शांतम्माचा उजवा हात सारा वेळ माझ्या झाकणावर होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा असे तुम्हाला सगळेच सांगतात, मीही सांगते. आरसा ओल्या हाताने पुसू नका. बिजागरीला वर्षातून एकदा थेंबभर खोबरेल द्या. नव्या वस्तूही जरूर आणा. त्या वाईट नसतात, हे माझ्यासारखी सांगते आहे म्हणजे खरे माना. पण तुमच्या घरात जर अशी एखादी पेटी असेल आणि ती चालवणारे माणूसही असेल, तर आधी त्या माणसाजवळ बसा. मेण किती घ्यायचे हे मला चौतीस वर्षांत कळले नाही, कारण ते माझ्या खणात कधीच नव्हते. ते शांतम्माच्या करंगळीत आहे.